ऑइल फिल्टर: अडकलेला काढायचा कसा, नवा आवळायचा किती

प्रश्न असा आहे: पेट्रोल वॅगनआरचं इंजिन ऑइल पहिल्यांदाच घरी बदलायचंय. जुना फिल्टर हाताने हलत नाही आणि पट्ट्याचा पाना त्याच्यावरून घसरतोय. नवा बसवताना व्हिडिओवाले म्हणतात "फक्त हातानेच आवळा", तर गॅरेजवाला म्हणतो "पान्याने एक दणका द्यायलाच लागतो". कुणाचं ऐकायचं?

दोघंही अर्धंच सांगताहेत. फिल्टर आवळताना जोर मोजायचा नसतो, फेरा मोजायचा असतो. रबर रिंग इंजिनाच्या बैठकीला टेकली की तिथून पाऊण फेरा. सुझुकीच्या छोट्या पेट्रोल इंजिनांना हेच माप चालतं, आणि टॉर्कमध्ये, म्हणजे पिळाच्या जोरात, सांगायचं तर ते १४ न्यूटन मीटरच्या आसपास येतं. म्हणजे २० सेंटीमीटर लांब दांड्याच्या टोकाला जेमतेम सात किलोचा जोर. दणका हा शब्द इथे बसतच नाही. हा पाऊण फेरा कोरड्या हाताने पूर्ण झाला तर पान्याची गरज नाही. हात तेलकट असेल किंवा जागा अडचणीची असेल तर अर्ध्यातच हात घसरतो, मग उरलेला भाग पान्याने पुरा करायचा. पाना फक्त पोहोचण्यासाठी, ताकदीसाठी नाही.

आधी काढण्याचं बघू, कारण तुमची गाडी सध्या तिथेच अडली आहे.

गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीही नाही. डिकीतला जॅक चाक बदलण्यापुरता असतो. सपाट, कडक जमीन, हँडब्रेक ओढलेला, गाडी पहिल्या गिअरमध्ये, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, आणि पुढे दोन्ही बाजूंना जॅक स्टँड. स्टँड लावल्यावर गाडीला खांद्याने जोरात हलवून बघा. काय हलायचं ते तुम्ही खाली जायच्या आधी हलू दे. सोसायटीच्या पार्किंगमधल्या पेव्हर ब्लॉकवर स्टँडचे पाय रुततात, तिथे खाली जाड फळी घाला.

इंजिन पाच-सात मिनिटं चालवून कोमट करा, बंद करा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. कोमट ऑइल पटकन उतरतं आणि रबरही थोडं नरम पडतं. तापलेल्या इंजिनावर मात्र घाई करू नका. ऑइलने तर भाजतंच, पण सायलेन्सरचा पाईप जवळून गेलेला असतो आणि पाना निसटला की मनगट थेट त्याच्यावर जातं. हातात नायट्राइलचे मोजे घाला. वापरलेलं ऑइल वर्षानुवर्षं कातडीला लागणं चांगलं नाही, आणि मोज्यांनी पकडही बरी मिळते.

आता क्रमाची एक गोष्ट. बहुतेक जण आधी ड्रेन बोल्ट (इंजिनाच्या तळाचा, ऑइल सोडायचा बोल्ट) काढून चेंबर (तळाची ऑइलची टाकी) रिकामा करतात आणि मग फिल्टरकडे वळतात. घरी काम करणाऱ्याने उलट करावं. आधी वरचं ऑइल भरायचं झाकण उघडतंय का ते बघा, मग फिल्टर चिमूटभर ढिला होतोय का ते बघा, आणि तो हलला की मगच ड्रेन बोल्टला हात लावा. फिल्टर हललाच नाही तर गाडीत अजून ऑइल आहे, ती चालवत गॅरेजला नेता येते. ऑइल गटारासारखं काळं होऊन घमेल्यात आलेलं, फिल्टर जागचा हलत नाही आणि रविवारची संध्याकाळ, हा प्रसंग पाच सेकंदांच्या चाचणीने टळतो.

दिशेचा घोळ फार होतो. फिल्टरच्या बंद बुडाकडे तोंड करून बघा, तिथून घड्याळाच्या उलट फिरवला की सुटतो. गाडीखाली उताणं झोपून, मान वाकडी करून हात वर घातला की डावं-उजवं डोक्यात उलटंपालटं होतं आणि माणूस सोडवायच्या नावाखाली आवळत बसतो. "हलतच नाही" म्हणणाऱ्या फिल्टरांपैकी काही असेच असतात. खाली जायच्या आधी नव्या फिल्टरच्या बुडावर बाण काढून ठेवा आणि तो जुन्याच्या शेजारी धरून दिशा ठरवा.

पट्ट्याचा पाना घसरतो त्याला मुख्य कारण तेल. फिल्टरच्या डब्यावर आणि पट्ट्यावर तेलाची पातळ साय असते. डबा ब्रेक क्लीनरने किंवा साबणाच्या पाण्याने पुसून अगदी कोरडा करा. तरी घसरला तर ६० किंवा ८० नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी खरखरीत बाजू डब्याकडे करून गुंडाळा आणि तिच्यावर पट्टा चढवा. चार रुपयांच्या कागदाने बरेच हट्टी फिल्टर सुटतात. दुसरं कारण पट्ट्याची जागा. डब्याच्या मधोमध पट्टा आवळला की पातळ पत्रा चेपतो आणि सगळा जोर चेपण्यातच जातो. पट्टा किंवा साखळी इंजिनाकडच्या टोकाला सरकवा, जिथे पत्रा जाड तबकडीवर दुमडलेला असतो. तिथे डबा कडक असतो. आणि ओढ झटक्याची नको, सलग आणि वाढती हवी. रबर चिकटलेलं असतं, ते हळूहळू सोलून निघतं. पहिला आठवा भाग फेरा सुटला की पुढचं हाताने होतं.

घरी दरवर्षी हे काम करायचं असेल तर वाटीसारखा फिल्टर पाना घ्या. फिल्टरच्या बुडाला ज्या खाचा असतात त्यांच्यावर तो टोपीसारखा बसतो आणि मागे रॅचेट लागतं. घेताना नवा फिल्टर दुकानात घेऊन जा. खाचा मोजा, वाटी वर बसवून हलवून बघा. एक-दोन मिलिमीटर सैल वाटी खाचांचे कोपरे गोल करून टाकते आणि मग तीही घसरते. तीन पंजांचा पाना वेगवेगळ्या मापांना चालतो, फक्त त्याला आजूबाजूला जास्त जागा लागते.

फिल्टरमध्ये स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून त्याचा दांडा करायचा, ही सल्ल्यांमधली सगळ्यात जुनी युक्ती. तिच्या वाट्याला शेवटीच जा. एकदा भोक पडलं की ते इंजिन सुरू करता येत नाही, म्हणजे माघारीचा रस्ता बंद. फिल्टर खरंच जाम असेल तर पत्रा शिवणीसारखा फाटत जातो, स्क्रू ड्रायव्हर मोकळा फिरतो आणि इंजिनाला आट्यांची तबकडी तेवढी चिकटून राहते. तसं झालंच तर फाटलेला डबा आणि आतला कागद कापून काढा. तबकडीला गोलाकार भोकं असतात, त्यांत पंजाच्या पान्याची किंवा दणकट पक्कडीची टोकं अडकवून फिरवता येतं. नाहीतर तबकडीच्या काठावर छिन्नी तिरकी लावून सुटायच्या दिशेने हातोडीचे हलके ठोके द्या. छिन्नीचं टोक इंजिनाच्या बैठकीला लागता कामा नये. ती अॅल्युमिनियमची असते आणि तिच्यावर पडलेला ओरखडा म्हणजे कायमची गळती. एवढ्या थराला आलं तर मेकॅनिकला घरी बोलावणं स्वस्त पडतं.

फिल्टर ढिला झाला की त्याच्यावर एक मजबूत प्लास्टिकची पिशवी चढवा आणि पिशवीतच फिरवून काढा. आडव्या बसलेल्या फिल्टरमधून पाव लिटरपर्यंत ऑइल येतं, आणि ते कधीच थेट घमेल्यात पडत नाही. ते इंजिनाच्या कडेवरून, खालच्या पट्टीवरून ओघळत जातं आणि पुढे दोन दिवस थेंब थेंब पडत राहतं. मग माणूस नवा फिल्टर गळतो म्हणून उगाच आवळत सुटतो.

जुना फिल्टर हातात आला की तो लगेच बाजूला ठेवू नका. त्याचं तोंड बघा: रबर रिंग तिथे आहे का? नसेल तर ती इंजिनालाच चिकटली आहे. काळ्या ऑइलमध्ये काळी रिंग डोळ्यांना दिसत नाही, म्हणून बैठकीवरून बोट गोल फिरवा. जुन्या रिंगवर नवा फिल्टर चढला की दोन रबरं एकमेकांवर बसतात. आवळताना सगळं ठीक वाटतं. गाडी सुरू होते, कदाचित गेटपर्यंतही जाते, आणि मग दाब चढला की वरची रिंग बाहेर फेकली जाते. तीन-साडेतीन लिटर ऑइल बघता बघता रस्त्यावर. ऑइलचा लाल दिवा लागल्यावरही इंजिन चालू ठेवलं तर बेअरिंगं जातात. घरी होणाऱ्या चुकांमध्ये याहून महाग चूक दुसरी नाही.

दुसरी गोष्ट बघायची ती मधल्या भोकात. फिल्टर ज्या पोकळ आट्यांच्या नळीवर बसतो, ती नळी कधी कधी फिल्टरबरोबरच निघून येते. जुन्या फिल्टरच्या मधोमध ती अडकलेली दिसली तर फेकू नका. ती सोडवून, आटे साफ करून, मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे पुन्हा इंजिनात घट्ट बसवावी लागते.

बैठक पुसायला जुनं सुती फडकं घ्या. गॅरेजमधलं कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे रिंगखाली राहतात आणि धाग्याच्या वाटेने ऑइल झिरपतं.

नव्या फिल्टरबद्दल आता थोडं रेंगाळावं लागेल, कारण इथे "दिसतो तसाच आहे" हे फसवं असतं. बाजारातल्या फिल्टरांमध्ये दोन आटे सगळ्यात जास्त दिसतात: पाऊण इंची, इंचाला १६ आट्यांचा, आणि २० मिलिमीटरचा, दीड मिलिमीटर पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर). पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. दोन्हींत एक मिलिमीटरचाही फरक नाही. २० मिलिमीटरचा फिल्टर पाऊण इंची नळीवर चढतो, फिरतो, आवळल्यासारखाही वाटतो, पण आटे वरवर धरलेले असतात. दाब आला की तो उडतो. म्हणून डबा सारखा, रंग सारखा, मित्राच्या गाडीचा शिल्लक होता, असं काही चालत नाही. तुमच्या गाडीच्या मॉडेलचा, वर्षाचा आणि इंजिनाचा पार्ट नंबर जुळलाच पाहिजे.

पार्ट नंबर जुळण्याला आणखी एक कारण आहे. फिल्टरच्या आत दोन झडपा असतात. एक रबरी पडदा, इंजिन बंद असताना फिल्टरमधलं ऑइल परत चेंबरमध्ये उतरू न देणारा. दुसरी स्प्रिंगची झडप: कागद चोंदला किंवा थंडीत ऑइल घट्ट असलं की ठरावीक दाबाला उघडून ऑइल थेट इंजिनाला देणारी. काही इंजिनांत ही दुसरी झडप फिल्टरमध्ये नसून इंजिनातच असते. डुप्लिकेट फिल्टरमध्ये पडदा हलका असला तर सकाळी गाडी सुरू करताना दोन-तीन सेकंद इंजिनाच्या वरच्या भागातून टॅपेटचा खडखडाट ऐकू येतो आणि मग थांबतो. फिल्टर बदलल्यापासूनच हा आवाज सुरू झाला असेल तर संशय फिल्टरवर घ्या. एवढ्या स्वस्त वस्तूत चार पैसे वाचवायला जाऊ नका.

बसवायच्या आधी रबर रिंग खोबणीत नीट बसली आहे ना बघा, प्लास्टिकचं आवरण किंवा स्टिकर काढला आहे ना बघा. रिंगवर नव्या ऑइलचं एक बोट फिरवा, सगळीकडे, पातळ. ग्रीस नको. हे ऑइल लावायचं कारण गळती नाही, घर्षण आहे. कोरडी रिंग बैठकीवर फिरताना सरकत नाही, पिळवटते. आवळल्यासारखं लवकर वाटतं पण रबर हवं तेवढं दबलेलं नसतं. वर इंजिनाच्या उष्णतेने ती तिथेच भाजून चिकटते. तुमचा आत्ताचा फिल्टर बहुधा मागच्या वेळी कोरड्या रिंगवर, दणका देऊन बसवलेला आहे.

फिल्टर तोंड वर करून उभा बसत असेल तर आधी अर्धा ऑइलने भरला तरी चालतो. आडवा असेल तर ते सगळं हातावरच येणार, सोडून द्या.

हाताने नळीवर टेकवा आणि आधी उलटा, सुटायच्या दिशेने किंचित फिरवा. आटा आट्यात पडल्याची बारीक टिचकी बोटांना कळते. मग सुलट. पहिले दोन-तीन फेरे दोन बोटांनी सहज गेले पाहिजेत. अडलं तर जोर लावू नका, काढा आणि पुन्हा लावा. तिरके आटे चढले तर नळी खराब होते.

फिरवत जा, एका क्षणी फिरणं जड होतं. ही रिंग टेकल्याची जागा. इथे थांबा. बुडावर, घड्याळात बारा असतात तिथे, मार्करने खूण करा. आता आवळत खूण तीन, सहा आणि नऊवर आणा. झाला पाऊण फेरा. बऱ्याच फिल्टरच्या बाजूला १, २, ३, ४ असे आकडे छापलेले असतात, ते याच पाव-पाव फेऱ्यांच्या मोजणीसाठी. तुमच्या फिल्टरच्या डब्यावर किंवा खोक्यावर वेगळं माप असेल, कुठे दोन तृतीयांश, कुठे एक पूर्ण फेरा, तर तेच खरं धरा.

पाऊणच का, हे एकदा हिशेबाने बघा. आट्याचं पिच दीड मिलिमीटर, म्हणजे पाऊण फेऱ्यात फिल्टर सव्वा मिलिमीटरपेक्षा थोडा कमी पुढे सरकतो. रबर तेवढंच दबतं. सील व्हायला ते पुरतं. दुसरीकडे दाब बघा. रिंगच्या आतला व्यास सहा सेंटीमीटर धरला तर क्षेत्रफळ २८ चौरस सेंटीमीटर. थंड इंजिन सुरू करताना ऑइलचा दाब चार-साडेचार बारपर्यंत गेला तर फिल्टरला इंजिनापासून दूर ढकलणारा जोर सव्वाशे किलोच्या घरात जातो. नुसता टेकवून "हाताने घट्ट" म्हणून सोडलेला फिल्टर तापण्या-थंडावण्याच्या फेऱ्यांत आणि हादऱ्यांत ढिला होतो तो यामुळे. उलट दीड-दोन फेरे आवळलेल्या फिल्टरची रिंग चेपून खोबणीबाहेर येते, कधी चिरते, तबकडी वाकते. म्हणजे जास्त आवळल्यानेही गळतीच मिळते, शिवाय पुढच्या वेळी काढणाऱ्याचे हाल.

ड्रेन बोल्टचं थोडक्यात. तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा वायसर दर वेळी नवा. बोल्ट आधी पूर्ण हाताने बसवा, मग टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या मापाला. छोट्या गाड्यांत ते बहुधा ३५ ते ४० न्यूटन मीटर असतं. अॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे लांब दांड्याच्या पान्याने सहज जातात.

ऑइल भरताना मॅन्युअलमध्ये दोन आकडे असतात, फिल्टरसह आणि फिल्टरविना. तुमचा फिल्टरसहचा. त्यापेक्षा पाव लिटर कमी ओता, डिपस्टिक बघा. इंजिन सुरू केल्यावर लाल दिवा नेहमीपेक्षा काही सेकंद जास्त राहील, रिकामा फिल्टर भरतो तोवर. त्या वेळात अॅक्सिलरेटर दाबू नका. दहा सेकंदांत विझला नाही तर बंद करा. मिनिटभर मंद चालू देऊन टॉर्चने फिल्टरची कड आणि ड्रेन बोल्ट बघा. मग बंद करून पाच मिनिटांनी सपाट जागेवर डिपस्टिक. फिल्टरने पाव लिटरच्या आसपास ऑइल घेतलेलं असतं, ते आता भरा. वरच्या खुणेच्या पलीकडे जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी थेंब दिसला तर लगेच पाना उचलू नका. फिल्टर, बैठक आणि खालची पट्टी क्लीनरने पूर्ण पुसा, कोरडी झाल्यावर फिल्टरच्या कडेभोवती टाल्कम पावडर फुंकरा आणि दहा मिनिटं इंजिन चालवा. पावडरीवर ओल कुठून येते ते स्पष्ट दिसतं. ओल नसेल तर काल सांडलेलं ऑइल गळत होतं. ओल कडेवरच असेल तर एकदाच आठवा भाग फेरा द्या. तरी थांबत नसेल तर आणखी आवळण्यात अर्थ नाही, फिल्टर काढून दुहेरी रिंग, खडा, धागा, वाकलेली तबकडी किंवा चुकीचे आटे शोधा. ओल फिल्टरच्या वरच्या बाजूने उतरत असेल तर गळती बहुतेक टॅपेट कव्हरच्या पॅकिंगची असते आणि तिचा तुमच्या कामाशी संबंध नाही.

ज्यांच्या गाडीत डब्याचा फिल्टर नसून प्लास्टिकच्या झाकणात नुसता कागदी फिल्टर असतो, उदाहरणार्थ मारुतीच्या १.३ डीडीआयएस डिझेलमध्ये, त्यांच्यासाठी पाऊण फेऱ्याचा नियम नाही. तिथे झाकण शेवटपर्यंत बसवून टॉर्क रेंचने आवळायचं, आकडा बहुधा झाकणावरच कोरलेला असतो आणि बऱ्याचदा तो २५ न्यूटन मीटर असतो. ओ-रिंग नवी घाला आणि जुनी ज्या खाचेतून काढली त्याच खाचेत बसवा. एक खाच वर-खाली झाली की गळणार. साखळीचा पाना या झाकणाला लावू नका, तडकतं.

जुना फिल्टर रात्रभर तोंड खाली करून घमेल्यात निथळू द्या. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. गटारात, झाडाच्या बुंध्याशी किंवा ओल्या कचऱ्यात नाही. नव्या ऑइलच्याच कॅनमध्ये भरून जवळच्या गॅरेजला द्या, त्यांच्याकडे ते नेणारे येतात. फिल्टरही त्यांच्याच पिंपात. आणि बदलल्याची तारीख व किलोमीटर त्याच मार्करने नव्या फिल्टरच्या बुडावर लिहून ठेवा, रिंग टेकल्याच्या खुणेशेजारी.